लोखंडी पडद्याचा आवाज

८ जानेवारी

मामा,

नमस्कार. तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण विचारलं की तुम्ही गुडघ्यापासून सुरुवात करता आणि मुख्य गोष्ट राहून जाते. फोनही करत नाही. तुमचा डावा कान कधीचा संपावर गेलाय आणि उजव्यावर तुमचाच भरवसा नाही.

बातमी अशी की आपली गल्ली उघडते आहे. पाचही थिएटरं. बावीस वर्षं कुलपं होती. पहिल्यात गाद्यांचं गोदाम झालं होतं, दुसऱ्यात लोक गाड्या लावत होते, चौथ्याला छतच उरलं नव्हतं. आता समितीने ठरवलंय की आधी आपलं तिसरं उघडायचं, १५ मार्चला. ते नीट चाललं तर बाकीची एकेक करून. आणि तिसऱ्याची रंगमंच व्यवस्थापक म्हणून मला नेमलंय. म्हणजे तुमचीच जागा. तुम्हाला नुसतं पडदेवाला म्हणायचे, मला टेबल-खुर्ची मिळाली आहे.

बाबांचे सात रंगवलेले पडदे सापडले. पाच उंदरांनी संपवले, दोन शाबूत आहेत. बाहेरच्या दालनात बाबांच्या नावाची पाटी लागणार आहे. आईने त्या दिवसासाठी साडी आत्ताच काढून ठेवली आहे.

पण खरा मान लोखंडी पडद्याचा. नव्या मुलांना मला समजावून सांगावं लागतं की मखमली पडद्याच्या पुढे आणखी एक लोखंडी पडदा असायचा. रंगमंचावर आग लागली तर तो खाली सोडायचा, म्हणजे आग प्रेक्षकांपर्यंत येत नाही. आणि प्रत्येक प्रयोगाआधी तो एकदा खाली आणून लोकांना दाखवायची पद्धत होती. तो खडखडाट अजून माझ्या कानात आहे. आमच्या इंजिनिअरसाहेबांनी शिडीवरून त्याच्या खालच्या कडेवर काठी मारून पाहिली. खणखणीत वाजली. त्यांनी लिहून टाकलं: 'लोखंडी, मूळचा, उत्तम स्थितीत.' गल्लीत एवढी एकच वस्तू उत्तम स्थितीत निघाली.

त्याचं चाक गंजलं होतं, ते मिस्त्री सोडवतोय. पडदा पूर्ण खाली यायला चाकाचे किती फेरे लागायचे, तेवढं आठवून कळवा.

जाता जाता. लहानपणी आपल्या घरात महिनाभर एक राखाडी कापड पसरलेलं असायचं आणि मी त्याच्याखाली लपायचे. तो कुठल्या नाटकातला समुद्र होता का? आईला विचारलं तर म्हणाली, असेल काहीतरी, आणि भांडी घासायला उठली. भर दुपारी तीन वाजता.

तुमची ठमी


१७ जानेवारी

चि. ठमे,

पत्र मिळालं. गुडघ्याबद्दल विचारलं नाहीस म्हणून सांगत नाही. फक्त एवढंच की उजवा डाव्यापेक्षा वाईट आहे.

तुला खुर्ची मिळाली हे फार चांगलं झालं. तिच्यावर बसू मात्र नकोस. व्यवस्थापक बसला की दोरखंड सैल होतात.

चाकाचे फेरे आठवत नाहीत. वय झालं. खरं सांगू का, तो पडदा तू खाली आणूच नकोस. जुनं ते सोनं हे दागिन्यांबद्दल ठीक आहे, डोक्यावर टांगलेल्या वस्तूंबद्दल नाही. समितीला सांग, नवा करून घ्या. तिथे एवढं सगळं नवं करताय, त्यात हा एक. जुना काढून कुठेतरी अडगळीत टाका. कुणाला दाखवू वगैरे नका.

तोपर्यंत वाळूच्या बादल्या ठेव. दोन्ही विंगांत चार-चार. पाण्याच्या वेगळ्या. मागचं दार आतून कडी लावून ठेवायची तिथल्या लोकांना वाईट खोड होती, ती कडीच काढून टाक. पहिलं नाटक कुठलं करताय? त्यात दिवे, पणत्या, मशाली असलं काही नाही ना?

कापडाचं म्हणशील तर समुद्रच असेल. तुझ्या वडिलांनी बरेच समुद्र रंगवले.

अक्काला विचारलं म्हणून सांग.

मामा


२८ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "त्याला म्हणावं, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. काय सांगायचं ते सांग." मला वाटतं तिला तुमचा राग आलाय. मलाही थोडा आलाय.

मला कळतंय काय झालंय ते. निमंत्रण अजून आलं नाही म्हणून तुम्ही रुसलात. अहो, पत्रिका छापायला गेल्यात. पहिल्या रांगेत तुमची खुर्ची आहे, तुमचा सत्कार आहे, आणि आता ऐका: त्या दिवशी लोखंडी पडदा तुमच्या हातून खाली आणायचा असं ठरलंय. बावीस वर्षांनी, भरल्या थिएटरसमोर. तोपर्यंत तो पूर्ण उतरवायचाच नाही अशी अध्यक्षबाईंची इच्छा आहे. तशीही खाली छत रंगवणाऱ्यांची परांची उभी आहे, त्यामुळे उतरवता येतही नाही.

आणि तुमची काळजी फुकट आहे. मिस्त्रीने चाक सोडवलं. चार बोटं खाली घेऊन परत वर नेलं. इतकं सुरेख तेल दिलंय की एका हाताने फिरतं. मिस्त्री म्हणाला, जुन्या लोकांचं काम असं असतं.

नाटकात मशाली आहेत. तिसऱ्या अंकात अकरा. काचेतल्या नाहीत, खऱ्या. अग्निशमनच्या अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, पण लोखंडी पडदा आहे म्हटल्यावर त्यांनी परवानगी दिली.

समोरच्या फुलवालीने परत गाळा घेतलाय. कपडेपटाचा शिंपी शटर उघडून रोज नुसता बसतो. गिऱ्हाईक नाही, पण म्हणतो, सवय करतोय. सगळे १५ मार्चकडे डोळे लावून बसलेत आणि तुम्ही म्हणताय, काढून टाका.

ठमी


५ फेब्रुवारी

चि. ठमे,

मी रुसलेलो नाही. रुसायला दात लागतात.

एका हाताने फिरतं म्हणतेस? मिस्त्रीला विचार, एवढं लोखंड एका हाताने फिरतं का? नको, विचारू नकोस. त्याला म्हणावं, तू तुझं काम कर.

सत्कार नको. माझ्या हातून काहीही खाली आणू नका. माझे हात आता कापतात. मशाली काढ. दिग्दर्शक ऐकत नसेल तर त्याला सांग की विजेच्या लावा, लाल कागद लावला की लांबून कुणाला कळत नाही. रंगभूमीवर लांबून काय काय कळत नाही हे मला विचार.

मी मागच्या पत्रात त्या पडद्याबद्दल काही विशेष सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही नाही. जुनं काम आहे, कुठे तरी तुटेल, कुणाच्या अंगावर पडेल, एवढीच भीती. माझं ऐक. भाच्या मामाचं ऐकत नाहीत हे ठाऊक आहे, पण या एका वेळेपुरतं ऐक.

परवा स्वप्नात तू दुसऱ्या रांगेत अक्काच्या मांडीवर बसलेली दिसलीस, लहान होतीस तशी. मी विंगेतून हाक मारत होतो आणि तुला ऐकू जात नव्हतं. उठून पाणी प्यायलो. सुनेने विचारलं, काय झालं? म्हटलं, गुडघा.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

रागावू नका, पण तुमची पत्रं मी आता आईला वाचून दाखवत नाही. ती ऐकते आणि मग दिवसभर बोलत नाही. काल शिलाई मशीनवर बसली होती, पायडल मारत होती, आणि सुईत दोरा नव्हता.

इथे सगळं नीट आहे. सोमवारी तालमीत एका दिव्याची वायर ठिणग्या उडवायला लागली आणि डावीकडच्या विंगेचं कापड हातभर जळलं. तुमच्या बादल्या कामाला आल्या, त्याबद्दल आभार. घाबरायला झालं खरं, पण दिग्दर्शक म्हणाला, "एवढं काय? वरती लोखंड आहे ना." सगळे हसले. मीही हसले. मग अध्यक्षबाईंनी पहिल्या दिवशी शाळेतली शंभर मुलं पुढच्या रांगांत बसवायचं ठरवलं. जुनी रंगभूमी त्यांनी जवळून पाहावी म्हणून.

तुमची खुर्ची मुलांच्या मधोमध आहे. नाही म्हणायची सोय नाही.

ठमी


२६ फेब्रुवारी

चि. ठमे,

हे पत्र एकटी असताना वाच.

तो पडदा लोखंडाचा नाही. कापडाचा आहे. लाकडी चौकटीवर ताणलेलं कापड, त्याच्यावर सरसाचे तीन हात आणि वर तुझ्या वडिलांनी काढलेलं लोखंड. खिळ्यांची डोकी, गंजाचे ओघळ, एका कोपऱ्यात पोचा, सगळं रंगाने. फक्त खालची पट्टी खरी लोखंडी. तुमच्या इंजिनिअरने नेमकी तिच्यावर काठी मारली. तिथे ती आम्ही त्यासाठीच ठेवली होती.

खरा पडदा होता. एका हंगामात तो अर्ध्यावर अडकला, ना वर ना खाली. मालक म्हणाले, दुरुस्तीला महिना लागेल, तोवर प्रयोग बंद करता येत नाहीत, आणि तपासणीवाले दर आठवड्याला मागच्या रांगेत येऊन बसतात. मी म्हटलं, महिनाभराचाच प्रश्न आहे ना, भावोजी रंगवतील. हे मी म्हटलं, ठमे. तुझ्या वडिलांनी नाही, मालकांनी नाही. भावोजी आधी नाही म्हणाले होते. मी त्यांना म्हटलं, सगळी गल्ली तुमच्या हाताचं नाव काढते आणि तुम्हाला साधा पत्रा रंगवता येत नाही? ते पेटले. मला माणसाला पेटवायचं बरोबर कळायचं.

महिन्याची अकरा वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत आम्ही ती इतकी वर्षं झाकली. खरा पडदा तुकडे करून काढला. त्यातला एक पत्रा मी विंगेत टांगला, माझ्या डाव्या हाताला. कापड आवाज न करता खाली यायचं आणि मी लोखंडी सळईने तो पत्रा बडवायचो. तुझ्या कानातला खडखडाट तो. माझा डावा कान त्यानेच घेतला. कुणी विचारलं तर म्हातारपण सांगतो.

मग थिएटर बंद झालं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आता कोण तो खाली आणतोय, म्हटलं.

पडदा आग अडवणार नाही. सरस आणि तेलरंग आहे, सगळ्यात आधी तोच पेटेल आणि पेटून पुढच्या रांगांवर पडेल. शंभर मुलं म्हणालीस. मी जानेवारीतच हे लिहायला हवं होतं. तुझ्या वडिलांची पाटी, अक्काची साडी, माझा सत्कार, सगळं डोळ्यापुढे आलं आणि मी गुडघ्याबद्दल लिहीत बसलो. मला माझी लाज वाटते.

मुलाला फोन करायला सांगितलं असतं, पण मग त्याला हे सांगावं लागलं असतं. आधी तुला सांगितलं. आता तू समितीला सांग. माझं नाव घे. भावोजींचं वगळता आलं तर बघ, नाही आलं तर नाही.

मामा


५ मार्च

ठमे, सव्वीसचं पत्र मिळालं का? फक्त हो म्हणून कळव.

मामा


९ मार्च

चि. ठमे,

उत्तर नाही. शेवटी काल मुलाला फोन करायला लावला. मी बाजूला उभा होतो. त्याने फोन ठेवला आणि माझ्या उजव्या कानात ओरडला, "ठमी म्हणाली, मामांना सांग, सगळं ठीक आहे." काय ठीक आहे? पत्र मिळून ठीक आहे की न मिळून?

पत्र पोचलं नसेल तर हे वाच: तो पडदा कापडाचा आहे. आग लागली तर तो पेटेल. मुलांना बसवू नकोस.

चौदाला सकाळच्या गाडीने मी निघतोय. पिशवी भरली आहे. कुणी आत सोडलं नाही तर दारात बसेन.

मामा


१४ मार्च

मामा,

काल फोनवर दादाला सांगितलंच आहे, म्हणून तुमची पिशवी रिकामी झाली असेल. उद्याचा प्रयोग रद्द झाला. आता सविस्तर लिहिते.

तुमचं पत्र मला चार तारखेलाच मिळालं. आठ दिवस ते माझ्या पर्समध्ये होतं. दादाचा फोन आला तेव्हाही पर्स मांडीवरच होती. पहिल्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की मामा म्हातारे झालेत, काहीतरी गोंधळ होतोय. दुसऱ्या दिवशी म्हटलं, एकच तर प्रयोग आहे, मग हळूच बदलू. तिसऱ्या दिवशी मुलांच्या खुर्च्या लावल्या. चौथ्या दिवशी फुलवाली येऊन सांगून गेली की तिने पंधरा तारखेसाठी पाच टोपल्या फुलं सांगितलीत. तुम्ही अकरा वर्षं कशी काढलीत असा प्रश्न मला पडला होता, मामा. आता पडत नाही. एकेक दिवस करून काढली असणार.

बारा तारखेला दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा मी आईच्या डब्यातली सुई घेऊन शिडीवर चढले. चार फुटांवरूनसुद्धा ते लोखंड होतं. गंजावर बोट फिरवलं तर बोट काळं होईल असं वाटत होतं. सुई टेकवली आणि ती सरळ आत गेली. मी तिथेच शिडीला धरून उभी राहिले. खाली यायला दहा मिनिटं लागली.

घरी आले तर आई डबा उघडून बसली होती. म्हणाली, "माझी मोठी सुई कुठाय?" मी ती पर्समधून काढून तिच्यापुढे ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सत्तावीस पट्ट्या होत्या. मीच शिवल्या. तू त्याच्याखाली लपायचीस आणि मला भीती वाटायची, सुई तुला लागेल म्हणून." मी विचारलं, आई, मग इतके दिवस बोलली का नाहीस? तर म्हणाली, "त्याच्या तोंडून येईल म्हणून वाट बघत होते. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?" मग तिने साडी परत कपाटात ठेवली आणि माझ्याबरोबर समितीच्या बैठकीला आली. साध्या साडीत.

तिथे जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. अध्यक्षबाई रडल्या. इंजिनिअरसाहेबांचा चेहरा मला बघवेना. परवानगी रद्द झाली. मी आठ दिवस गप्प बसले हेही मी सांगितलं, त्यामुळे मला चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय. पाटीचं काम थांबलं. फुलं आली होती. फुलवालीने ती माझ्यासमोर पायऱ्यांवर ओतली. शिंप्याने शटर खाली ओढलं.

आता गल्ली उघडेल की नाही, माहीत नाही. मला झोप लागत नाही. पण मुलं घरी आहेत.

ठमी


२२ मार्च

चि. ठमे,

अक्का बैठकीला आली हे वाचून मी दिवसभर काही खाल्लं नाही. जे मी बोलायचं ते ती बोलली.

समितीला मी वेगळं पत्र लिहिलंय. त्यात सगळं आहे. त्याखाली सही केली तेव्हा हात कापला नाही. तुला परत बोलावलं नाही तर मला कळव, मी आणखी लिहीन. मला आता सवय झाली आहे.

फुलवालीचं मनावर घेऊ नकोस.

मामा


१८ सप्टेंबर

मामा,

दोन बातम्या. मला जूनमध्ये परत बोलावलं. तुमच्या पत्रामुळे असेल किंवा रंगमंचावरच्या चाळीस दोरांपैकी कुठला कशाचा हे दुसऱ्या कुणाला कळत नाही म्हणून असेल. आणि नवा पडदा आला. खरा. अग्निशमनच्या लोकांनी त्याच्यासमोर आग पेटवून बघितली, मग सही केली. प्रयोग १० ऑक्टोबरला. मशाली विजेच्या. दिग्दर्शक अजून फुगलेला आहे.

बाबांचा पडदा बाहेरच्या दालनात उभा केलाय, काचेमागे. ही कल्पना इंजिनिअरसाहेबांची. म्हणाले, "मी चार फुटांवरून फसलो, लोकांनाही फसू दे, पण तिकीट घेण्याआधी." खाली पाटी आहे. रंगकाम बाबांचं, शिवण आईचं, आणि हा पडदा काय होता ते तीन ओळींत खरंखरं. आईने पाटी दोनदा वाचली आणि म्हणाली, "सत्तावीस पट्ट्या लिहायचं राहिलं."

आता अडचण. परवा नवा पडदा गल्लीतल्या जुन्या लोकांना दाखवला. तो जराही आवाज न करता खाली आला. सव्वीस सेकंद, नुसती हवा हलली. मग फुलवाली म्हणाली, "हा खोटा वाटतो. खऱ्याचा आवाज व्हायचा." शिंप्यानेही मान डोलावली. एक आजोबा तर उठून दाराजवळ जाऊन बसले. आमच्याच थिएटरमध्ये खऱ्यावर कुणाचा विश्वास बसेना.

अध्यक्षबाईंनी निरोप दिलाय: मामांना बोलवा, तो पत्रा अजून त्यांच्याकडे असेल तर घेऊन या म्हणावं, पहिल्या दिवशी पडदा उतरताना वाजवू दे. लोकांना धीर येईल. मला काय वाटतं ते मी लिहीत नाही. तुम्ही ठरवा.

ठमी


२५ सप्टेंबर

चि. ठमे,

पत्रा आहे. मुलाच्या घराच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून. तो मी आणणार नाही.

बाईंना सांग, धीर द्यायचं काम मी अकरा वर्षं केलं. लोक आरामात मागे रेलून बसायचे. विंगेच्या फटीतून मला दुसरी रांग दिसायची. त्या रांगेत अक्का असायची आणि तिच्या मांडीवर तू, मोठी झालीस तशी शेजारच्या खुर्चीत. प्रत्येक प्रयोगाला. भावोजी तुम्हाला मागच्या रांगेत बसवू म्हणायचे, तर मी म्हणायचो, नको, पुढच्या रांगा रिकाम्या दिसल्या तर लोकांना शंका येईल. मग मी हात वर करायचो आणि जोरात मारायचो, म्हणजे तू दचकायचीस आणि हसायचीस. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. अक्कालाही नाही. आता तू सांग किंवा मी आल्यावर मी सांगतो.

पडदा गुपचूप येऊ दे. लोकांना थोडी भीती वाटली तर वाटू दे, दाराजवळ बसायचं तर बसू दे. चार प्रयोगांत सवय होईल. फुलवालीला म्हणावं, तुझ्याइतकीच मलाही त्या आवाजाची सवय होती.

मी नऊ तारखेच्या गाडीने येतो. सत्कार नको, पहिली रांग नको. दुसऱ्या रांगेत अक्काच्या शेजारी जागा ठेव, तिच्या डाव्या बाजूला, म्हणजे ती काही बोलली तर माझ्या चांगल्या कानाला ऐकू येईल. त्या थिएटरमध्ये मी चोवीस वर्षं काढली, पण तो पडदा खाली येताना मी कधी समोरून पाहिलेला नाही.

मामा